खेळ अडखळतो कशामुळे?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी भूगोलाचा शिक्षक. तेव्हा वैनगंगेच्या पुराविषयी किंवा आपल्या जिल्ह्यातील तलावांविषयी मी काही बोलेन, अशी आमच्या मुख्याध्यापकांची समजूत होती. विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. "संगणकावरचे खेळ? अहो, पालक काय म्हणतील?" मी म्हणालो, पालकांसाठीच हा विषय घेतला आहे. मुलांना त्यातले निम्मे ठाऊक आहे, पालकांना काहीच ठाऊक नाही, आणि पैसे मात्र पालकांच्या खिशातून जातात.

ही गोष्ट दहावीतल्या एका मुलाची आहे. त्याच्या वडिलांची मोटर वाइंडिंगची टपरीवजा दुकानदारी आहे. धानाच्या हंगामात शेतकऱ्यांचे पंप जळून येतात, ते हे भरून देतात. त्यांच्या परवानगीने सांगतो आहे, नाव मात्र घेत नाही. त्यांनी मुलासाठी नागपूरहून एक जुना संगणक आणला. एखाद्या कचेरीतून निघालेला, लहान डब्याचा, पण चांगला. एमएस-सीआयटी होईल, अभ्यास होईल, असा हेतू. मुलाने त्यावर मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ टाकला. तो खेळ असा चालू लागला की गाडी वळणावर यावी आणि चित्र थिजावे, पुन्हा दिसावे तेव्हा गाडी खड्ड्यात. मुलाने ठरवून टाकले की आपला संगणक बेकार आहे. एका दुकानदाराने सांगितले, अठरा हजारांचे ग्राफिक्स कार्ड टाका, सगळे ठीक होईल. मुलाने घरी हट्ट धरला. आईने रडारड केली, वडिलांनी भिशीचा नंबर लवकर मागून घेतला. ती भिशी मोठ्या मुलीच्या डी. फार्म.च्या प्रवेशासाठी ठेवलेली होती. हे सारे मला शाळेच्या फाटकाजवळ त्या मुलीकडून कळले. तिने तक्रार केली नाही, फक्त विचारले, "सर, हे कार्ड खरंच लागतं का?"

मला उत्तर माहीत नव्हते. विद्यार्थिदशेत नागपूरच्या सायबर कॅफेत दहा-पंधरा रुपये तासाने मीही 'व्हाइस सिटी' खेळलो आहे. तो खेळ मंदावला की आम्ही माऊस आपटत असू, यापलीकडे माझे ज्ञान नव्हते. तेव्हा मी त्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना म्हटले, आठ दिवस थांबा, आपण तिघे मिळून पाहू. त्या आठ दिवसांत जे शिकलो ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम हे समजून घ्यावे की पडद्यावर काहीही हलत नाही. सिनेमात सेकंदाला २४ स्थिर चित्रे डोळ्यांपुढून जातात आणि आपल्याला माणूस चालताना दिसतो. खेळातही तेच. फरक एवढाच की सिनेमाची चित्रे आधी काढून ठेवलेली असतात, खेळाची चित्रे जागच्या जागी काढावी लागतात, कारण मुलगा गाडी डावीकडे वळवणार की उजवीकडे हे संगणकाला आधी ठाऊक नसते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्राला सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात चित्र पुरे झाले तर ठीक. नाही झाले की खेळ अडखळला.

आता चित्र म्हणजे काय? आपल्या मोहाडी-आंधळगावकडे कोशाचे कापड विणतात. उभा धागा, आडवा धागा, आणि जिथे ते एकमेकांना छेदतात तिथे एक ठिपका. पडदाही असाच ठिपक्यांचा विणलेला आहे. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. आठवीच्या वर्गात मी हा गुणाकार फळ्यावर लिहिला तेव्हा एका मुलीने माझ्या आधी उत्तर सांगितले: २०,७३,६००. वीस लाखांहून अधिक ठिपके, प्रत्येकाचा रंग निराळा ठरवायचा, आणि हे सेकंदाला साठ वेळा. म्हणजे सेकंदाला बारा कोटी चव्वेचाळीस लाख ठिपके. वर्गात शांतता पसरली. तीच मुलगी मग म्हणाली, "सर, मग अडकतो याचं आश्चर्य कशाला? चालतो याचंच आश्चर्य आहे." माझ्या भाषणातले सर्वांत चांगले वाक्य तिचे आहे.

खेळाच्या सेटिंगमध्ये पहिले नाव असते रिझोल्यूशन, म्हणजे हीच ठिपक्यांची संख्या. ती १२८० गुणिले ७२० वर आणली की ठिपके होतात ९,२१,६००. काम निम्म्याहूनही कमी झाले. उलट ज्याला फोर-के म्हणतात त्यात बरोबर चौपट होतात. पडदा फक्त "थोडा स्पष्ट" दिसतो, पण मजुरी चौपट.

दुसरे नाव सावली. माझ्या मते सर्वांत महाग आणि सर्वांत फसवी सेटिंग हीच. खेळात सूर्य नाही. मग झाडाची सावली कुठे पडणार हे संगणकाला कसे कळावे? त्याला आधी कल्पनेने सूर्याच्या जागी जाऊन बसावे लागते, तिथून खाली पाहावे लागते, आणि सूर्याला कोणकोणत्या वस्तू दिसतात व त्या किती अंतरावर आहेत याचा एक नकाशा काढावा लागतो. मग खेळाडूच्या डोळ्याशी परत येऊन प्रत्येक ठिपक्यापाशी तो नकाशा उघडून पाहायचा: ही जागा सूर्याला दिसते की नाही? दिसत नसेल तर सावली. ही युक्ती लान्स विल्यम्स यांनी १९७८ मध्ये मांडली आणि आजही बहुतेक खेळ तिच्यावरच चालतात. म्हणजे एकाच देखाव्याची दोनदा मोजदाद झाली. सूर्याऐवजी खांबावरचा दिवा असेल तर तो चारी दिशांना, वर आणि खाली पाहतो, म्हणजे नकाशे सहा. भूगोलाच्या शिक्षकाला नकाशाचे कष्ट सांगायला नकोत. हा नकाशा १०२४ ठिपक्यांच्या बाजूचा असेल तर सावलीची कड दातेरी दिसते, ४०९६ चा केला तर सुबक दिसते. पण बाजू चौपट केली की क्षेत्रफळ सोळापट होते, हे आपण सातवीत शिकवतो आणि मोठेपणी विसरतो.

दातेरी कडेवरून आठवले. आपल्या जिल्ह्याची करवतकाठी साडी सर्वांनी पाहिली आहे. तिच्या काठावर करवतीचे दाते मुद्दाम विणलेले असतात, म्हणून ते शोभतात. खेळात मात्र ते न बोलावता येतात. ठिपके सरळ रांगेत असल्यामुळे तिरपी रेघ पायऱ्यांसारखीच निघते. ती मऊ करण्याच्या सेटिंगला अँटी-अलायझिंग म्हणतात. तिच्या काही पद्धती प्रत्येक कडेवर एका ठिपक्याऐवजी चार किंवा आठ ठिकाणी नमुना घेऊन त्यांची सरासरी काढतात, त्या महाग. काही पद्धती तयार चित्रावर हलकेच बोट फिरवल्यासारखी कड पुसट करतात, त्या स्वस्त. सेटिंगमध्ये दोन्ही एकाच नावाखाली शेजारी बसलेल्या असतात, किंमत मात्र कुठेच लिहिलेली नसते. बाजारात भाव न लिहिता माल मांडावा तसा हा प्रकार आहे.

धूर, धुके, गवत, काच यांचीही एक गंमत आहे. भिंतीमागचे काही दिसत नाही, म्हणून ते रंगवावे लागत नाही. पण धुरामागचे दिसते. म्हणून आधी मागचे रंगवायचे, त्यावर धुराचा एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. एकच ठिपका दहा-दहा वेळा रंगतो. मोबाइलवरच्या लढाईत धुराचा गोळा फुटला की नेमका तेव्हाच खेळ का अडकतो, असे मुले विचारतात. त्याचे एक मोठे कारण हे आहे.

याउलट टेक्श्चर नावाची सेटिंग आहे, म्हणजे वस्तूंवर चढवलेले पोत: विटांचे, कापडाचे, मातीचे. ती कमी केल्याने वेग वाढतोच असे नाही. वाइंडिंगच्या दुकानात लागणारी तार गल्ल्याशेजारी ठेवलेली असेल तर बारीक काय आणि जाड काय, हात सारखाच लांबवायचा. पण गल्ल्याशेजारी जागाच उरली नाही आणि दर वेळी तार आणायला बाजारात जावे लागले, की दुकान ठप्प. स्मरणशक्तीत मावते तोवर टेक्श्चर स्वस्त, मावेनासे झाले की खेळ झटके देतो. त्या मुलाने सर्वांत आधी टेक्श्चर कमी करून पाहिले होते, काहीच फरक पडला नाही, म्हणून सेटिंगचा उपयोगच नाही असा त्याने निष्कर्ष काढला. ऐंशी टक्के मुले येथेच थांबत असावीत, असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे, मोजलेले नाही.

आम्ही मात्र वही घेऊन बसलो. नियम एक: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तोच रस्ता, तेच वळण, आणि आकडा लिहायचा. सुरुवातीला सेकंदाला १५ चित्रे येत होती. सावली सर्वांत खालच्या पायरीवर आणली, २२ झाली. मुलगा हिरमुसला: "फक्त सात?" मग रिझोल्यूशन ७२० वर आणले आणि एकदम ४० झाली. तो म्हणाला, बघा सर, सावलीचे काही नव्हतेच. मलाही तसेच वाटले. रात्री घरी हिशेब केला तेव्हा चूक कळली. सेकंदाला १५ चित्रे म्हणजे एका चित्राला सुमारे ६७ मिलिसेकंद. २२ म्हणजे सुमारे ४५. ४० म्हणजे २५. पहिल्या वेळी बावीस वाचले, दुसऱ्या वेळी वीस! म्हणजे सावलीची बचत थोडी जास्तच होती. पण पाठीवर शंभर किलो असताना वीस काढले तर चालणाऱ्याला फारसे जाणवत नाही, चाळीस असताना वीस काढले तर तो पळू लागतो. चित्रे मोजू नका, एका चित्राला लागणारा वेळ मोजा, हे मी दुसऱ्या दिवशी मुलाला सांगितले आणि माझी आदल्या दिवशीची चूकही सांगितली.

मग त्याचे वडील पुढे आले. तोवर ते नुसते बघत होते. संगणकाचा डबा उघडताच ते म्हणाले, "सर, हे तर आमचंच काम आहे." पंख्यात भुसा आणि धूळ दाटली होती. ती त्यांनी मोटरी साफ करण्याच्या ब्लोअरने, पंख्याचे पाते बोटाने धरून, अलगद उडवली. नंतर वीज पुरवणाऱ्या पेटीवरचा कागद वाचला. २४० वॅट. दुकानदाराने सांगितलेल्या कार्डाला एकट्यालाच त्यातले निम्म्याहून अधिक लागत होते, शिवाय त्याला जोडायची वेगळी तार त्या पेटीला नव्हतीच. ते हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "अर्ध्या एचपीच्या स्टार्टरवर तीन एचपीची मोटर लावायला सांगत होता हा माणूस." कार्ड आले असते तर ते बसले नसते, किंवा पेटीही नवी घ्यावी लागली असती आणि डबाही.

आणखी एक गोष्ट डबा उघडल्यामुळेच दिसली. या संगणकात चित्रे काढणारा भाग मुख्य चिपमध्येच आहे, त्याला स्वतःची स्मृती नाही, तो सर्वसाधारण रॅममधूनच काम करतो. आणि रॅमची पट्टी एकच होती, शेजारची खाच रिकामी. दोन पट्ट्या असल्या की ये-जा करायला दोन रस्ते मिळतात. एका रस्त्यावर मालाची कोंडी होत होती. तशीच दुसरी जुनी पट्टी दीड हजार रुपयांत मिळाली. ती बसवल्यावर आकडा पन्नाशीच्या पुढे गेला, आणि मुलाने सावली एक पायरी पुन्हा वर नेली. ते पाहून मला बरे वाटले. काय किती किमतीला घ्यायचे हे तो आता स्वतः ठरवत होता.

प्रत्येक वेळी मात्र दोष चित्रे काढणाऱ्या भागाचाच असतो असे समजू नये. आमच्या शाळेतील एका संगणकावर रिझोल्यूशन निम्मे केले तरी आकडा जागचा हलला नाही. तिथे मुख्य चिपच थकत होती: गर्दीतली माणसे कुठे चालतील, कोणती गाडी कुणाला धडकेल, काय काढायचे याची यादी करणे, ही कामे तिची. आचारी कितीही जलद असला तरी ऑर्डरच उशिरा येत असेल तर तो काय करणार? तेव्हा पारख सोपी आहे. रिझोल्यूशन कमी करून वेग वाढला तर ओझे चित्राचे, नाही वाढला तर ते दुसरीकडे. मग दूरवरचे किती दिसावे आणि गर्दी किती असावी, या सेटिंग कमी कराव्या.

व्ही-सिंक नावाची एक सेटिंग आहे, तिच्यावर फार बोलत नाही. पडदा सेकंदाला साठ वेळा बदलतो, आणि चित्राने त्याच्याच वेळेवर निघावे असा तिचा आग्रह असतो. नागपूरची बस एका मिनिटाने चुकली तरी पुढच्या बसपर्यंत थांबावे लागते, तसे १६.७ ऐवजी १७ मिलिसेकंद लागले तरी चित्र पुढच्या फेरीपर्यंत थांबते आणि ६० चे एकदम ३० होऊ शकतात.

आता मोबाइलकडे वळतो, कारण समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी खेळ मोबाइलवरच चालतो. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर आपल्या देशात बंदी आली, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आले, ते जुलै २०२२ मध्ये काढले गेले आणि मे २०२३ मध्ये परतले. एवढ्या उलाढालीत आपल्या मुलांचे भूगोलाचे तास किती बुडाले त्याचा हिशेब माझ्याकडे आहे, तो आज काढत नाही. त्या खेळात चित्राचा दर्जा आणि चित्रांचा वेग यांच्या दोन निरनिराळ्या ओळी आहेत. जे गंभीरपणे खेळतात ते बहुधा दर्जाची सर्वांत साधी, 'स्मूथ' नावाची पायरी निवडतात आणि वेग वर नेतात. मुलांना हे ठाऊक असते. तरी नवा फोन मागताना ते सांगत नाहीत.

मोबाइलला पंखा नसतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या छपराखाली, चार्जिंगला लावून, जाड कव्हर चढवून कोणी तासभर खेळत असेल तर फोन स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतो. पहिली दहा मिनिटे खेळ छान चालतो आणि मग मंदावतो, हे त्याचे लक्षण. याला नवा फोन हे औषध नाही. आणि जिथे स्वतःची मान वळवताना चित्र सुरळीत फिरते पण समोरचे खेळाडू उड्या मारत जागा बदलतात, तिथे दोष नेटचा. त्याला कोणतीही ग्राफिक्स सेटिंग उपयोगी पडणार नाही.

शेवटी एका सेटिंगविषयी मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण ती आपल्या फार जवळची आहे. भंडाऱ्याचे पितळ प्रसिद्ध. घासलेल्या पितळी घागरीत आपला चेहरा कधी पाहिला आहे? नाक मोठे, कान बारीक, मागचे दार वाकलेले. घागरीवरच्या नेमक्या कोणत्या बिंदूवरून प्रकाश आपटून आपल्या डोळ्यांत येतो? हा प्रश्न गोल आरशाच्या संदर्भात इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या आरंभी सोडवला. बसरा येथे सुमारे ९६५ मध्ये जन्मलेले आणि कैरोत काम केलेले हे विद्वान. त्यांचा 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाशशास्त्रावरील ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला, आणि युरोपात तो प्रश्न आजही अल्हाझेनचा प्रश्न म्हणून ओळखला जातो. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला स्पर्श करतात, असे पूर्वीचे कित्येक विद्वान मानत. यांनी दाखवले की प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो.

खेळातल्या रे ट्रेसिंग नावाच्या सेटिंगमध्ये संगणक हेच करतो: एकेका किरणाचा माग काढतो, तो कुठे आपटला, कुठे वळला, कुठल्या दिव्यापर्यंत पोचला. गंमत अशी की तो हिशेब उलटा, डोळ्याकडून वस्तूकडे करतो. दिव्यापासून निघालेले बहुतेक किरण आपल्या डोळ्यांत येतच नाहीत, त्यांचा माग काढण्यात श्रम वाया जातात. इब्न अल-हैसम यांनी खोडून काढलेली दिशा हिशेबाच्या सोयीसाठी परत आली! अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजचे टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. त्यातले काचेच्या आणि चकचकीत गोळ्यांचे एक चित्र काढायला त्या काळच्या संगणकाला ७४ मिनिटे लागली होती. एक चित्र! आज तसलेच काम सेकंदाला कित्येकदा करणारी कार्डे २०१८ पासून मिळू लागली आहेत, आणि तीही या सेटिंगपुढे धापा टाकतात. तेव्हा आपला जुना संगणक दमला तर त्याला बेकार म्हणू नये.

हे काम आता परदेशातच होते असेही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीने 'राजी' हा खेळ तयार केला, तो २०२० मध्ये जगभर गेला. पळवून नेलेल्या धाकट्या भावाचा शोध घेणाऱ्या एका मुलीची ती कथा आहे. पुण्यातच सी-डॅक ही संस्था आहे. तिने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक बनवला, आणि २०२० चा तिचा परम सिद्धी हा महासंगणक ज्या चिपांवर चालतो त्या मूळच्या खेळांच्या चित्रांसाठी जन्मलेल्या जातीच्याच आहेत. लाखो ठिपक्यांचा एकाच वेळी हिशेब करण्याची सवय तिथे हवामानाच्या आणि औषधांच्या हिशेबाला उपयोगी पडते.

त्या मुलीचा डी. फार्म.ला प्रवेश झाला. भिशीचा नंबर तिच्या वडिलांनी तिच्यासाठीच वापरला. मुलाने आमची वही जपून ठेवली आहे, आणि वर्गातली चार मुले आपापले आकडे तिच्यात लिहून गेली आहेत. शाळेच्या संगणक कक्षात पुढच्या शनिवारी दुपारच्या सुट्टीनंतर आम्ही सावलीचा आणि रिझोल्यूशनचा प्रयोग पुन्हा करणार आहोत. ज्या पालकांकडे नवे कार्ड किंवा नवा फोन घेण्याची मागणी आली आहे, त्यांनी मुलासह यावे, येताना जुना फोन आणावा आणि त्याचे कव्हर काढून आणावे.